आठ आण्यांची वेतनवाढ

मे १९४७ मध्ये, सत्तांतराला जेमतेम तीन महिने उरलेले असताना, हिंदुस्थान सरकारच्या पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने आपला अहवाल सादर केला. न्यायमूर्ती श्रीनिवास वरदाचारियार हे या आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांनी सुचवलेली सर्वांत खालची वेतनश्रेणी ३०–½–३५ अशी लिहिली जात असे. म्हणजे शिपाई म्हणून चिकटलेल्या माणसाचे मूळ वेतन तीस रुपये, दर वर्षी त्यात आठ आण्यांची भर, आणि अशा आठ-आठ आण्यांच्या पायऱ्या चढत दहा वर्षांनी पस्तीस रुपयांवर मुक्काम. या तीस रुपयांवर पंचवीस रुपये महागाई भत्ता, म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला हातात पंचावन्न.

आठ आण्यांच्या वेतनवाढीला आज कोणीही हसेल. मला मात्र त्या श्रेणीपेक्षा तिच्याशेजारचा पंचवीसचा आकडा अधिक बोलका वाटतो. ज्या नोकरीत मूळ वेतन तीस आणि महागाई भत्ता पंचवीस आहे, त्या नोकरीत मूळ वेतन या शब्दाला काही अर्थ उरलेला नाही. पगार ठरवतानाच सरकारने मान्य केले होते की हा पगार पुरणार नाही; तरीही तो वाढवण्याऐवजी त्याच्या बाजूला जवळजवळ तेवढ्याच उंचीची टेकू म्हणून एक लाकडी मेढ उभी केली. ही मेढ तात्पुरती आहे, दर उतरले की काढून घेऊ, असा त्यामागचा हिशेब होता. महागाई भत्ता ही सरकारी औदार्याची खूण आहे अशी समजूत आपल्याकडे आजही पुष्कळांची असते. वसाहतीच्या अखेरच्या अर्धशतकाचा पगाराचा इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. झालेली कपात उशिरा, अपुरी आणि नाइलाजाने भरून देण्याची ती पद्धत होती. आणि ही कपात ज्यांना सोसावी लागली त्यांच्याच बाबतीत ‘महागाई मोजायची कशी’ हा प्रश्न सरकारला अवघड वाटत होता. वरच्यांच्या बाबतीत तो कधीच अवघड वाटला नव्हता.

याचा पुरावा १८९३ सालाइतका जुना आहे. चांदीचे भाव कोसळत गेल्यामुळे, १८७०च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांना असलेला रुपया तोवर सव्वा शिलिंगाच्या घरात घसरला होता. गोऱ्या अधिकाऱ्याचा पगार रुपयांत ठरलेला, पण त्याची बायकोमुले, मुलांची शाळा, म्हातारपणाची तजवीज हे सगळे विलायतेत आणि पौंडांत. त्याचे नुकसान खरे होते, ते मी नाकारत नाही. सरकारने त्यावर लगेच उपाय काढला : पगाराच्या निम्म्या भागावर, वर्षाला एक हजार पौंडांच्या मर्यादेपर्यंत, रुपया दीड शिलिंगाचा आहे असे समजून हुंडणावळीतला फरक भरून द्यायचा. याला विनिमय-भरपाई भत्ता म्हणत. माणूस आपल्या पगारातले विलायतेला खरोखर किती पाठवतो हे पाहण्याची अट त्यात नव्हती. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या भत्त्यावर कडक टीका केली, आणि ती योग्यच होती, कारण भरपाईचा बोजा ज्या रयतेवर पडणार होता तिला त्याच सुमारास दुष्काळाने आणि मुंबई-पुण्याला प्लेगने गाठलेले होते.

या भत्त्याच्या रकमेपेक्षा त्यामागचे तत्त्व मला महत्त्वाचे वाटते. चलनाची किंमत उतरली तर ठरलेला पगार प्रत्यक्षात कमी होतो, आणि असा कमी झालेला पगार भरून देणे हे मालकाचे काम आहे, हे तत्त्व १८९३ मध्ये सरकारने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. मग तोच रुपया शिंप्याकडे, वाण्याकडे, लाकडाच्या वखारीत उतरला तर तेच तत्त्व कारकुनाला का लागू होऊ नये? अगदी तळच्या नोकरांना धान्य फारच महाग झाले की थोडा धान्य-भत्ता देण्याची चाल होती, पण ती दुष्काळी कामावरच्या शिध्यासारखी होती. भूक भागवणे हा तिचा हेतू. पगाराची किंमत टिकवण्याचा विचार त्यात नव्हता.

पुढे १९१२ मध्ये लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली नोकऱ्यांविषयी आयोग नेमला गेला. गोखले त्याचे सभासद होते, पण अहवाल पुरा होण्याआधीच, १९१५च्या फेब्रुवारीत, ते वारले. अहवाल प्रसिद्ध झाला १९१७ मध्ये. त्यात पगाराची कसोटी सांगितली आहे ती अशी की, योग्य लायकीची माणसे मिळावीत आणि मिळालेली माणसे मोहापासून दूर राहून नोकरीभर कार्यक्षम राहतील इतक्या सुखासमाधानाने व इभ्रतीने त्यांना राहता यावे, एवढेच आणि फक्त एवढेच सरकारने द्यावे. वाचायला हे वाक्य निर्दोष आहे. परंतु त्यातली ‘इभ्रत’ कोणाची आणि ‘योग्य लायकी’ कोणत्या बाजारात मोजायची हे ठरले की सगळे ठरते. कलेक्टरच्या इभ्रतीला घोडा, बंगला, नोकरचाकर आणि थंड हवेच्या गावी उन्हाळा घालवणे आवश्यक मानले गेले. शिरस्तेदाराच्या कचेरीतल्या उमेदवार कारकुनाची लायकी मात्र दारात उभ्या असलेल्या इतर मॅट्रिक पास उमेदवारांच्या रांगेवरून ठरत असे, आणि ती रांग कधीच आटत नसल्याने त्याचा पगारही कधी वाढण्याचे कारण नव्हते. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ लावता येतात, आणि तीस वर्षे ते तसेच लावले गेले.

पहिल्या महायुद्धानंतर महागाईची झळ गोऱ्या नोकरशाहीला पुन्हा लागली. इंग्लंडमधल्या तरुणांना हिंदुस्थानातली नोकरी नकोशी झाली, असलेले अधिकारी लवकर निवृत्त होऊ लागले. १९२२-२३ मध्ये इंचकेप समिती खर्चात काटछाट सुचवत होती, आणि त्याच्या मागोमाग १९२४ मध्ये लॉर्ड ली यांच्या आयोगाने विलायतेहून आलेल्या अधिकाऱ्यांना मिळणारे जादा समुद्रपार-वेतन वाढवून दिले, ते रुपयाला दोन शिलिंग या खास दराने पौंडांत पाठवण्याची सोय करून दिली, आणि अधिकारी व त्याची पत्नी यांना सेवाकाळात चार वेळा विलायतेला जाण्यायेण्याचे भाडे मंजूर केले. बाजारात रुपया तेव्हा दोन शिलिंगांच्या जवळपासही नव्हता. मध्यवर्ती कायदेमंडळात मोतीलाल नेहरूंनी या शिफारशींविरुद्ध ठराव संमत करून घेतला; सरकारने शिफारशी तरीही अमलात आणल्या. येथेही माझा आक्षेप भरपाईला नाही. राहणीचा खर्च वाढला म्हणून पगार वाढवावा हे बरोबरच आहे. आक्षेप इतकाच की मुंबई इलाख्याच्या कामगार कचेरीने १९२१ पासून राहणीच्या खर्चाचा निर्देशांक छापायला सुरुवात केली होती, मध्यमवर्गीय कुटुंबांच्या जमाखर्चाचीही पाहणी केली होती, म्हणजे मोजण्याचे साधन सरकारच्या टेबलावर आयते पडलेले होते. विलायती किराणा कितीला मिळतो हे ज्यांनी इतक्या काळजीने पाहिले त्यांना भायखळ्याच्या बाजारातला ज्वारीचा भाव दिसला नाही असे कसे म्हणावे?

आता १९३१ सालाकडे यायला हवे, कारण पुढच्या पंधरा वर्षांच्या हलाखीचे मूळ या एका सालात आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जागतिक मंदीने दर कोसळले होते. १९१४ चे दर शंभर धरले तर कलकत्त्याचा घाऊक निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता तो १९३१ मध्ये ९६ वर आला, आणि १९३३ मध्ये ८७ वर. सरकारी तिजोरीत खडखडाट झाला म्हणून नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात जाहीर झाली. ही कपात उघड होती, हुकमाने झालेली होती, तिच्यावर ओरड झाली, आणि तिजोरी सावरल्यावर १९३३ मध्ये निम्मी व १९३५ मध्ये उरलेली, अशी ती परत घेतली गेली. शिवाय स्वस्ताईमुळे कापलेल्या पगारातही जुन्या नोकराचे फारसे बिघडले नव्हते. त्या वर्षांत ठरलेला पगार असलेला माणूस शेतकऱ्याच्या मानाने सुखी होता, हे कबूल करायला हवे.

परंतु त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट झाली, तिची ओरड झाली नाही. जुलै १९३१ नंतर नोकरीत येणाऱ्यांसाठी नव्या, खालच्या वेतनश्रेण्या लागू केल्या गेल्या. दर पडलेले आहेत, तेव्हा नव्या माणसाला कमी पगार पुरेल, हे त्याचे समर्थन. जुनी माणसे जुन्या श्रेणीत राहिली आणि शेजारच्या खुर्चीवर बसून तेच काम करणारा नवा माणूस कमी पगारावर आला. ‘एकतीस नंतरचे’ ही जात तेव्हापासून प्रत्येक खात्यात तयार झाली. शतकातले सर्वांत स्वस्त दिवस पाहून ज्यांचे पगार बेतले गेले, नेमक्या त्याच माणसांना संसाराच्या ऐन भरात दुसऱ्या महायुद्धाची महागाई गाठणार होती. दहा टक्के कपात परत मिळाली. ही कपात परत मिळण्याचा प्रश्नच आला नाही, कारण तिला कपात असे नावच नव्हते.

युद्धकाळातल्या महागाईचे कारण निसर्गात शोधण्याची गरज नाही. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानात लष्करासाठी अफाट खरेदी करत होते आणि तिची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या खात्यावर मांडून ठेवत होते. त्या खात्याच्या तारणावर रिझर्व्ह बँक येथे नोटा काढी. युद्धाच्या आरंभी चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपल्यावर त्या १,२०० कोटींच्या घरात गेल्या. माल तेवढाच, किंबहुना कमी, आणि नोटा सहा पटींहून अधिक. १९४३ संपता संपता घाऊक दर युद्धपूर्व दरांच्या दुपटीच्याही पुढे गेले होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी हे त्याच वर्षी युद्धखर्चाच्या या पद्धतीवर आणि नियंत्रणांच्या गरजेवर लिहीत होते, म्हणजे हे नंतर सुचलेले शहाणपण नव्हे.

येथे सरकारी नोकराची बाजू गिरणी कामगाराच्या किंवा दुकानातल्या गुमास्त्याच्या बाजूपेक्षा वेगळी होते, आणि माझ्या मते अधिक बळकट होते. गिरणीमालक नोटा छापत नव्हता. सरकार पगार देणारा मालकही होते आणि ज्या चलनात पगार द्यायचा त्याचे धनीही तेच होते. तीस रुपये देण्याचा करार करायचा आणि मग त्या रुपयाचेच आठ आणे करून ठेवायचे, ही कपात आहे. १९३१ मध्ये दहा टक्क्यांसाठी हुकूम काढावा लागला होता. १९४३ मध्ये त्याच्या कितीतरी पट कपात झाली आणि कोणालाही सही करावी लागली नाही.

मुंबईत हे कसे दिसत होते ते टपालवाल्यावरून पाहावे. भाडेनियंत्रणामुळे चाळीतल्या खोलीचे भाडे फारसे वाढले नव्हते, तेवढा दिलासा होता. अर्थात ज्याच्याकडे आधीपासून खोली होती त्यालाच, कारण नव्याने खोली शोधणाऱ्याला पागडीचा आकडा ऐकूनच परत फिरावे लागे. वाढले होते ते सगळे पोटाचे आणि अंगावरचे : धान्य, कापड, सरपण, घासलेट. हा टपालवाला गिरणगावात थैली घेऊन जिने चढायचा, आणि कोकणात त्याचा भाऊबंद टपालवाला गिरणी कामगारांनी धाडलेल्या मनिऑर्डरी रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांवर पोचवायचा. त्या मनिऑर्डरीतल्या रुपयांत गिरणीतला महागाई भत्ता होता. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाईसाठी मोठा संप केला होता, आणि युद्ध चालू असतानाच गिरण्यांतला भत्ता सरकारच्याच कामगार कचेरीच्या निर्देशांकाशी बांधला गेला. म्हणजे सरकारी कचेरी जो आकडा दर महिन्याला काढत होती त्याच्याप्रमाणे खासगी मालक पैसे देत होता, आणि सरकारचा स्वतःचा नोकर मात्र सरकार ठरवील त्या पायरीचा, ठरवील तेव्हा मिळणारा भत्ता घेत होता. दुसऱ्यांची महागाई-भरपाई घरोघर वाटत फिरणाऱ्या माणसाची ही अवस्था पाहिली की १९४६ मध्ये संप का झाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

दिवाळीला टपालवाला, चाळीचा भंगी, कचेरीतला पट्टेवाला पोस्त मागायला येतो, ही चाल आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिच्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. माझ्याही लहानपणी आमच्या दारात पाडव्याला ती दिली जाई, आणि देणारे आपण फार मोठे दान केले अशा चेहऱ्याने ती देत. इस्लिंग्टन आयोगाने ज्या ‘मोहा’पासून अधिकाऱ्यांना वाचवायचे म्हटले त्या मोहाची खालच्या थरावर अशी व्यवस्थाच लावून दिलेली होती : सरकार पुरेसे देणार नाही, उरलेले लोकांनी पोस्त, चहापाणी, चिरीमिरी या नावांनी द्यावे. जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्या-कारकुनांच्या लुबाडणुकीवर जे कोरडे ओढले ते अगदी योग्य होते, आणि ही लूट केवळ कमी पगारामुळे होत होती असेही मी म्हणणार नाही, कारण भरपूर पगार घेणारेही खात होतेच. तरीपण १९४७ च्या मार्चमध्ये सरकारने लाचलुचपत प्रतिबंधक कायदा केला आणि शिपायाला पंचावन्न रुपये द्यावेत ही शिफारस त्यानंतर दोन महिन्यांनी आली, हा क्रम लक्षात राहण्यासारखा आहे.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप घेतला जाई, आणि तो घेणारे सगळेच काही साम्राज्याचे भाट नव्हते. खेड्यातल्या माणसाला दिवसाला दोन आणे मिळत नाहीत, पेन्शन नाही, रजा नाही. त्याच्या शेतसाऱ्यातून पांढरपेशा कारकुनाचा पगार का वाढवायचा? या आक्षेपात जातीचाही एक खरा धागा आहे. कचेऱ्यांतल्या खुर्च्यांवर कोण बसले होते आणि कोणाला दारातही उभे केले जात नव्हते हे महाराष्ट्रात सांगायला नको. पण हा आक्षेप नेमका कुठे लागू पडतो ते तपासले पाहिजे. महागाईत धान्य विकणाऱ्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात; जो धान्य विकत घेतो तो भूमिहीन मजूर असो की टपालवाला, दोघेही एकाच बाजूला सापडतात. शिवाय खालच्या नोकरांत, झाडूवाले, हमाल, पट्टेवाले, टपालवाले यांच्यात, त्याच मजुरांच्या घरांतली माणसे होती. त्या काळच्या नियमांच्या पुस्तकात या वर्गाचे अधिकृत नाव ‘इन्फीरिअर सर्व्हन्ट’ असे होते. त्यांच्या पगाराला खेड्यातल्या दारिद्र्याचे माप लावायचे आणि राज्यपालांच्या पगाराला लावायचे नाही, हा न्याय मला कधी कळला नाही. मुंबईच्या गव्हर्नराला वर्षाला १,२०,००० रुपये मिळावेत हे १९३५च्या कायद्याच्या परिशिष्टातच लिहिले होते, तेही भत्ते सोडून.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा : टंचाईच्या काळात पगार वाढवले तर दर आणखी भडकतील. यातला खरेपणा बंगालने भयंकर रीतीने दाखवला. १९४२-४३ मध्ये कलकत्त्यातल्या सरकारी आणि युद्धोपयोगी उद्योगांतल्या नोकरांना ‘प्राधान्य वर्ग’ ठरवून सवलतीच्या दराने तांदूळ पुरवला गेला. त्यांची पोटे भरली. तो तांदूळ खेड्यांतून ओढला गेला, आणि खेड्यांतले मजूर, कोळी, कारागीर मेले. बंगालच्या या दुष्काळाच्या चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तो त्याहून पुष्कळ वरचा ठरवला. म्हणून सरकारी नोकराचा भत्ता हा सुटा प्रश्न म्हणून सोडवता येत नाही, हे मला मान्य आहे. माल मोजकाच असताना एकाच्या हातात जास्त नोटा देणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले काढणे. पण यावरचा उपाय नोकराला उपाशी ठेवणे हा नव्हता. मुंबईत मे १९४३ मध्ये पूर्ण शिधावाटप सुरू झाले, आणि रेशनच्या रांगेत मामलेदार काय नि मुकादम काय, माणशी तेवढेच धान्य मिळू लागले. रेल्वेने आपल्या नोकरांसाठी स्वस्त धान्याची दुकाने चालवली. हे मार्ग उपलब्ध होते. जेथे सर्वांसाठी शिधावाटप झाले तेथे भत्ता हा केवळ शिधा विकत घेण्याची ऐपत टिकवण्याचा प्रश्न उरला, आणि तो न देण्याला कोणतेही अर्थशास्त्र आड येत नव्हते. शिवाय नोटांचा पूर आला होता तो लंडनच्या खात्यावरच्या खरेदीतून. तो ओसरावा म्हणून पट्टेवाल्याचे दहा रुपये अडवून धरणे हे, घराला आग लागली असताना देव्हाऱ्यातले निरांजन विझवण्यासारखे होते.

राष्ट्रीय चळवळीलाही या बाबतीत पूर्ण गुण देता येत नाहीत. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी लॉर्ड आयर्विनना लिहिलेल्या पत्रातला हिशेब प्रसिद्ध आहे. व्हाइसरॉयना महिना २१,००० रुपयांहून अधिक, म्हणजे दिवसाला सातशेहून अधिक, आणि हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहून कमी. म्हणजे पाच हजार पटींहून जास्त, आणि ब्रिटिश पंतप्रधानाला मात्र आपल्या देशबांधवाच्या नव्वद पट. यापेक्षा साधा आणि यापेक्षा झोंबणारा हिशेब कोणी मांडला नसेल. पुढल्याच वर्षी कराचीच्या काँग्रेसने ठरवले की राज्याच्या कोणत्याही नोकराला सामान्यतः महिना पाचशे रुपयांपेक्षा जास्त पगार नसावा, आणि १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबईत पाचशे रुपयेच घेतले, ही साधी गोष्ट नव्हती. पण त्या कराची ठरावात औद्योगिक कामगारांसाठी निर्वाह-वेतनाची भाषा आहे, आणि सरकारी नोकरांसाठी आहे ते फक्त छप्पर. जमीन नाही. पगार किती असू नये हे सांगितले, किती तरी असलाच पाहिजे हे सांगितले नाही. सरकारी नोकर हा परक्या सत्तेचा हस्तक, त्याची काळजी आपण का करावी, अशी एक भावना त्यामागे असावी असे मला वाटते. तुरुंगात जाणाऱ्यांच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे खालच्या नोकराला राजकीय आवाज मिळायला १९४६ उजाडावे लागले.

११ जुलै १९४६ रोजी टपाल खात्याच्या खालच्या नोकरांनी देशभर संप पुकारला. त्याच्या आधी फेब्रुवारीत मुंबईच्या ‘तलवार’ तळावरून नौदलाचे बंड पेटले होते, आणि त्यातही ब्रिटिश नौसैनिकांइतका पगार व कुटुंबभत्ता ही एक ठळक मागणी होती. वेतन आयोग मे महिन्यातच नेमला गेला होता, पण आयोग नेमला म्हणजे वाणी उधार देतो असे नाही. २२ जुलैला मुंबई शहराने टपालवाल्यांच्या पाठिंब्यासाठी हरताळ पाळला, गिरण्या बंद राहिल्या. २९ जुलैला कलकत्ता बंद झाले. ज्या शहराला कित्येक दिवस कागद मिळत नव्हते तेच शहर कागद न आणणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले, याचे मला फार अप्रूप वाटते. आधल्याच वर्षी, जून १९४५ मध्ये, ब्रिटिशांच्याच ताब्यातल्या नायजेरियातल्या रेल्वे व सरकारी कामगारांनी लागोसमध्ये हाच प्रश्न घेऊन महिन्याहून अधिक काळ संप केला होता. मायकेल इमुडू हे त्यातले पुढारी, आणि मागणी होती राहणीखर्चाच्या भत्त्यात वाढ. हे दोन देश एकमेकांना ओळखतही नव्हते. एकाच दौतीतून दोन्हीकडच्या पगाराचे हुकूम निघत होते, एवढाच त्यांचा संबंध.

अशा पार्श्वभूमीवर वरदाचारियार आयोगाने इस्लिंग्टनची कसोटी हातात घेतली आणि ती आजच्या परिस्थितीला साजेल अशी उदारपणे लावली पाहिजे, कोणाचाही पगार निर्वाहापुरत्या वेतनाहून कमी असता कामा नये, असे म्हटले. ‘इन्फीरिअर’ हा शब्द काढून ‘चौथा वर्ग’ म्हणावे असेही सुचवले. वरचे सर्वसाधारण टोक दोन हजारांवर आणले. या आयोगाला मी कमी लेखत नाही. तळाचा आकडा माणसाच्या गरजेवरून काढायचा हा विचार सरकारी कागदावर त्याने प्रथम आणला. पण मूळ वेतन ठरवताना त्याने एक गृहीत धरले : १९३९ चे दर शंभर मानले तर महागाई पुढे १६० ते १७५ च्या दरम्यान स्थिरावेल. प्रत्यक्षात तेव्हाच निर्देशांक त्याच्या किती तरी वर होता. उरलेला फरक भत्त्यात टाकला, म्हणजे दर उतरतील तसा भत्ता विरघळून जाईल. १९३१ च्या स्वस्ताईची भूल सोळा वर्षांनीही उतरली नव्हती. दर पडतात, पडतीलच, नुसती वाट पाहायची, ही त्या पिढीच्या अर्थखात्याची श्रद्धा होती, आणि वाट पाहण्याचा खर्च तीस रुपयेवाल्याच्या अंगावर होता. कारण भत्ता हा पगार नसल्याने पेन्शन मोजताना तो जमेस धरला जात नव्हता. महागाईत पंचवीस वर्षे काढून जो निवृत्त झाला त्याची पेन्शन स्वस्ताईच्या हिशेबाने बेतली जाणार होती.

दर उतरले नाहीत. फाळणी आली, नियंत्रणे उठवली गेली, पुन्हा लावली गेली, आणि निर्देशांक १७५ कडे कधी फिरकलाच नाही. स्वतंत्र सरकारने १९५२ मध्ये या प्रश्नासाठी काकासाहेब गाडगिळांची समिती नेमली. महागाई भत्त्याचा निम्मा भाग यापुढे वेतन म्हणून धरावा, असे तिने सांगितले. म्हणजे ज्या भत्त्याला १९४७ मध्ये पगार म्हणायला आयोग धजला नव्हता, त्याच्या निम्म्या भागाला पाच वर्षांनी ते नाव मिळाले.